एक जानेवारीचा कायदा उरणला केव्हा पोहोचणार?

जानेवारी महिना उरणच्या स्मृतीत रक्ताने कोरला गेला आहे. 16 जानेवारी 1984 रोजी जासईनजीकच्या दास्तान फाट्यावर, आणि दुसऱ्याच दिवशी नवघर येथे, आपल्या जमिनीचा न्याय्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांच्या बंदुका चालल्या. चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत, धुतुमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर आणि पागोट्याचे महादेव हिरा पाटील, केशव महादेव पाटील व कमळाकर कृष्णा तांडेल असे पाच भूमिपुत्र त्या दोन दिवसांत धारातीर्थी पडले. गोळ्या झाडणारे सरकार परकीय नव्हते. शेतकऱ्यांविरुद्ध वापरला जाणारा कायदा मात्र परकीयांनी केलेला होता. तो होता 1894 चा भूसंपादन कायदा.

तो कायदा रद्द होण्यास त्यानंतर तीस वर्षे लागली. भूमिसंपादनात वाजवी भरपाई, पारदर्शकता, पुनर्वसन व पुनर्वसाहतीचा हक्क देणारा 2013 चा कायदा 1 जानेवारी 2014 रोजी देशात अंमलात आला. उरणच्या आंदोलनाचे सेनापती दि. बा. पाटील त्या दिवशी हयात नव्हते. 24 जून 2013 रोजी त्यांचे निधन झाले होते. त्यांचा पक्ष शेतकरी कामगार पक्ष. आमचे आणि त्या पक्षाचे वैचारिक मतभेद जुने व सर्वश्रुत आहेत. तथापि उरण-पनवेलच्या आगरी-कोळी-कराडी समाजाला ताठ मानेने उभे करण्याचे श्रेय दिबांचे आहे आणि ते त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

वर्षारंभी नवे कायदे लागू होतात, तेव्हा वृत्तपत्रांत त्यांच्या याद्या झळकतात आणि आठवडाभरात विसरल्याही जातात. कायदा राजपत्रात प्रसिद्ध होणे आणि तो तलाठ्याच्या चावडीपर्यंत पोहोचणे यांत अंतर असते, हे आपण जाणतो. पण 1 जानेवारी 2014 च्या कायद्याच्या बाबतीत हे अंतर कमी होण्याऐवजी वाढत गेले, आणि त्यात आपल्याच राज्याने केलेल्या दुरुस्तीचा वाटा मोठा आहे. याचा विचार करण्यास उरणइतके योग्य ठिकाण नाही.

प्रथम जुन्या कायद्याचे स्वरूप पाहू. 1894 च्या कायद्याने सरकारच्या हाती ‘सार्वजनिक प्रयोजन’ हे दोन शब्दांचे शस्त्र दिले. प्रयोजन सार्वजनिक आहे की नाही हे ठरविणार सरकार, किंमत ठरविणार सरकारचाच अधिकारी, आणि तातडीचे कलम लावले की हरकत ऐकून घेण्याचेही बंधन नाही. जमीन ही राजाची, रयत ती केवळ वापरते, ही त्या कायद्यामागची दृष्टी होती. मुळशीचे शेतकरी 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली ज्याच्याशी झुंजले, तो हाच कायदा. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण हे हत्यार कोणी टाकून दिले नाही. ते सोयीचे होते.

सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 ची. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनीवर नव्या मुंबईचा आराखडा मांडण्यात आला. खाडीला बांध घालून, खारे पाणी अडवून, पिढ्यान्‌पिढ्यांनी पिकाऊ केलेली ही भातशेती. तिच्याशेजारी मिठागरे आणि खाडीतली मासेमारी. भात, मीठ आणि मासळी या तिन्हींवर मिळून एक घर चालत असे. भूसंपादन अधिकाऱ्याने मोजली ती फक्त सातबाऱ्यावरची जमीन. मग त्याच भूमीवर तेल व वायू प्रक्रियेचा प्रकल्प आला, वायू विद्युत केंद्र आले, करंज्याला नौदलाचे शस्त्रागार होते, आणि 26 मे 1989 रोजी न्हावा-शेवा येथे देशाचे मोठे बंदर कार्यान्वित झाले. देशाला लागणारे इंधन, देशात येणारा-जाणारा माल आणि देशाचे संरक्षण यांसाठी एका छोट्या तालुक्याने इतके दिले असल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात शोधावे लागेल. उरणने राष्ट्राला ‘नाही’ म्हटलेले नाही. त्याने एवढेच विचारले, की देणाऱ्याचे पुढे काय?

या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर 1984 च्या बलिदानातून निघाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व राज्य शासनाने 1990 साली मान्य केले आणि 1994 साली ते अधिक व्यापक केले. विकासात मालकाला वाटा, ही कल्पना अशी उरणच्या मातीत जन्मली. पुढे देशाच्या 2013 च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, नागरीकरणासाठी जमीन घेतल्यास विकसित जमिनीचा 20 टक्के भाग संपादन व विकासाच्या खर्चाएवढ्या किमतीत मूळ मालकांना देऊ करावा, अशी तरतूद झाली. दोहोंत तपशिलाचा फरक आहे; पण पाच हुतात्म्यांच्या रक्ताने एका तालुक्यात जे मिळविले, ते तत्त्व देशाच्या कायद्यात शिरले, ही गोष्ट उरणच्या शाळांतून मुलांना सांगितली पाहिजे. (ती सांगितली जाते का, हा प्रश्न वेगळा.)

मात्र तत्त्व मान्य होणे आणि भूखंड हाती येणे यांतही काळ जातो. बंदरासाठी जमिनी देणाऱ्यांना साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे मिळाली ती 16 ऑगस्ट 2014 रोजी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते. बंदर सुरू होऊन तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती. जमीन देताना ज्याच्या मिशा काळ्या होत्या, त्याच्या नातवाने ते पत्र स्वीकारले असेल.

आता 1 जानेवारी 2014 च्या कायद्याने काय दिले ते पाहू. बाजारभाव, त्यावर ग्रामीण भागात एक ते दोनपर्यंतचा गुणक आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, हा भाग सर्वांना ठाऊक असतो, कारण तो पैशाचा आहे. आमच्या मते या कायद्याचा आत्मा पैशात नाही. तो आहे तीन गोष्टींत. पहिली, सामाजिक परिणामांचे मूल्यनिर्धारण: प्रकल्पाने कोणाचे काय जाणार आणि ते गेलेच पाहिजे का, याचा अभ्यास जमीन घेण्याआधी, ग्रामसभेला विचारून, जाहीर सुनावणी घेऊन करायचा. दुसरी, संमती: खासगी कंपनीसाठी 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांनी होकार दिल्याखेरीज संपादन नाही. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. ‘बाधित कुटुंब’ या शब्दाची व्याख्या. ज्याच्या नावे सातबारा नाही, पण जो संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भूमीवर मजुरी करतो, कूळ आहे, कारागीर आहे, किंवा ज्याचे पोट जंगलावर वा पाण्यावर अवलंबून आहे, तोही या कायद्याने माणूस म्हणून मोजला जातो.

उरणच्या कोळ्याला या तिसऱ्या गोष्टीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बंदरासाठी जुना शेवा कोळीवाडा उठविण्यात आला. तेथील 256 कुटुंबे उरणजवळ बोरी पाखाडीच्या जागेत आणून बसविण्यात आली. तोच आजचा हनुमान कोळीवाडा. जागा अपुरी होती आणि तिला वाळवी लागली. भिंती, तुळया, कपाटे, कपडे काहीही वाळवीने सोडले नाही. योग्य पुनर्वसनासाठी या कुटुंबांनी मोर्चे काढले, उपोषणे केली, बंदराकडे जाणारी जहाजे होड्या घालून अडविली. ज्या कोळीवाड्याने समुद्र दिला, त्याला चार भिंती धड मिळू नयेत, याला काय म्हणावे? जुन्या कायद्यात समुद्राला सातबारा नव्हता, म्हणून समुद्रावर जगणाऱ्याला अस्तित्वही नव्हते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाने 27 फेब्रुवारी 2015 रोजी परिसरातील 1,630 मच्छीमार कुटुंबांसाठी सुमारे 95 कोटी 19 लाख रुपयांची भरपाई ठरविली, तेव्हा खाडी हेही उपजीविकेचे साधन आहे हे कोणीतरी अधिकृतपणे प्रथम लिहिले. तो आदेशही पुढे वरच्या न्यायालयात गेला. उरणच्या भाळी कोर्टाची पायरी लिहिलेलीच आहे.

कोर्टावरून आठवले. नव्या कायद्याच्या कलम 24 ने जुन्या संपादनांतही एक आशेचा किरण दाखविला होता. निवाडा होऊन पाच वर्षे लोटली आणि ताबा घेतला नाही किंवा मोबदला दिला नाही, तर संपादन व्यपगत होईल, असे ते कलम. 24 जानेवारी 2014 रोजी पुणे महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ शेतकऱ्याच्या बाजूने लावला. सरकारी खजिन्यात रक्कम टाकून ठेवणे म्हणजे मोबदला देणे नव्हे, असे म्हटले. देशभर हजारो संपादनांना आव्हाने मिळाली. 6 मार्च 2020 रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो अर्थ बाजूला सारला. कलमातील ‘किंवा’ हा शब्द ‘आणि’ असा वाचावयाचा, म्हणजे ताबाही नाही व मोबदलाही नाही अशी दोन्ही स्थिती असली तरच संपादन व्यपगत, असे ठरले. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. पण एका अव्ययाने किती जणांची आशा मावळली, याची नोंद कोठे झाली नाही.

आता थोडे कटू लिहिणे भाग आहे, आणि ते स्वकीयांना उद्देशून आहे.

हा कायदा वर्षाचा होत असतानाच, 31 डिसेंबर 2014 रोजी, केंद्राने अध्यादेश काढला. त्यातील एक भाग आवश्यकच होता. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे आदी तेरा कायद्यांखाली होणाऱ्या संपादनालाही वाढीव मोबदला लागू करण्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. अध्यादेशाने ते केले आणि पुढे केंद्राच्या आदेशाने ते टिकले. महामार्गात जमीन गेलेल्या शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला, हे टीकाकार सांगत नाहीत म्हणून येथे सांगतो. पण त्याच अध्यादेशाने संरक्षण, ग्रामीण पायाभूत सुविधा, परवडणारी घरे, औद्योगिक मार्गिका आणि पायाभूत प्रकल्प यांना संमती व सामाजिक मूल्यनिर्धारणातून सूट देण्याची वाट उघडली. तेव्हा केवळ विरोधी पक्षच उभे राहिले नाहीत. भारतीय किसान संघाने आणि स्वदेशी जागरण मंचाने शेतकऱ्याची संमती वगळण्यास स्पष्ट शब्दांत हरकत घेतली. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून शेतकऱ्याचा प्रश्न आपला राहत नाही, असे दत्तोपंत ठेंगडींनी कोणाला शिकविले नव्हते. अखेर केंद्राने समजूतदारपणा दाखविला. 31 ऑगस्ट 2015 रोजी अध्यादेश व्यपगत होऊ दिला.

केंद्राने जे सोडले, ते राज्यांनी उचलले. भूसंपादन हा समवर्ती सूचीतील विषय, त्यामुळे राष्ट्रपतींच्या अनुमतीने राज्याला दुरुस्ती करता येते. तामिळनाडू, गुजरात, तेलंगण यांच्यापाठोपाठ महाराष्ट्रानेही 2018 साली ती केली. अध्यादेशातील जवळपास तीच सूट राज्याच्या दुरुस्तीतून परत आली. शिवाय एक नवी अनुसूची जोडण्यात आली. राज्य महामार्ग कायदा, 1961 चा औद्योगिक विकास कायदा, 1966 चा प्रादेशिक व नगररचना कायदा आणि गृहनिर्माण प्राधिकरणाचा कायदा यांखालील संपादनाला केंद्रीय कायदा जसाच्या तसा लागू होणार नाही. मोबदला व पुनर्वसनाच्या तरतुदी तेवढ्या अधिसूचनेने लागू करता येतील. म्हणजे पैसा राहिला. विचारणे गेले.

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर जमीन घेतली जाते ती प्रामुख्याने याच कायद्यांखाली. नव्या शहरासाठी नगररचना कायदा, कारखान्यांसाठी औद्योगिक विकास कायदा, रस्त्यांसाठी महामार्ग कायदा. ते वगळल्यावर 1 जानेवारी 2014 चा कायदा लागू व्हावा असे कोणते मोठे संपादन उरते, हे कोणी दाखवून द्यावे.

आणि उरणसमोर आज नेमके काय आहे? 15 ऑक्टोबर 2024 रोजी राज्य शासनाने उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील 124 गावांच्या क्षेत्रासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमले. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर हे त्याचे नाव. वृत्तपत्रांच्या भाषेत ‘तिसरी मुंबई’. क्षेत्र सुमारे 323 चौरस किलोमीटर. यातली 80 गावे पूर्वी ‘नैना’त होती, 33 गावे सिडकोच्या खोपटा नवनगरात. म्हणजे अनेक गावांचे मालक-प्राधिकरण बदलले, गावकरी तेच राहिले. घर वाढवायचे तर परवानगी कोणाची घ्यावी, हे एकदा कळते न कळते तोच पाटी बदलते. गावांनी हरकती नोंदविल्या, समित्या स्थापन केल्या, सभा घेतल्या. 2008 साली महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राला याच तीन तालुक्यांनी विरोध केला होता. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातील 22 गावांत शेतकऱ्यांचे मतही शासनाने घेतले होते. ते संपादन पुढे मुदतीत पूर्ण न होता व्यपगत झाले. तेव्हा कायदा 1894 चा होता, तरी मत विचारले गेले. आज कायदा 2013 चा आहे, आणि विचारण्याचे बंधन आपण स्वतःच काढून टाकले आहे. यातील विसंगती कोणाच्याही ध्यानात यावी.

नवनगराच्या नावातच चिरनेर आहे, म्हणून त्या गावाचेही स्मरण करू. 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहात आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नवश्या महादेव कातकरी होते, रामा बामा कोळी होते, रघुनाथ मोरेश्वर न्हावी होते, आसपासच्या गावांतले आगरी शेतकरी होते. गोळीबारात मामलेदार जोशी यांचाही बळी गेला. ज्याला आपण समरसता म्हणतो, ती त्या माळावर कोणी भाषण न करता सिद्ध झाली. विषय काय होता? डोंगरातले लाकूडफाटा आणि गवत. ज्यावर गावाचे जगणे होते, पण ज्याचा कागद गावाकडे नव्हता. कातकऱ्याकडे आजही बहुधा कागद नसतो. नवनगराची मोजणी सातबाऱ्यावरून झाली, तर चिरनेरच्या हुतात्म्यांचे वंशजच त्या मोजणीत सापडणार नाहीत.

विकासाला आमचा विरोध नाही. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत रेल्वे आली. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली. ज्या बंदरातून देशाचा माल जगात जातो, त्याच्या पाठीशी सुसज्ज नगर उभे राहिलेच पाहिजे. संमती आणि मूल्यनिर्धारण यांमुळे प्रकल्प रखडतात, खर्च वाढतो, स्पर्धक देश पुढे जातात, हा युक्तिवाद आम्ही ऐकतो आणि त्यात तथ्यही आहे. परंतु उरणचा हिशेब उलटा आहे. येथे न विचारता घेतलेल्या जमिनींचे दावे, मोर्चे आणि बंद यांत चार दशके गेली, ती कोणाच्या खाती मांडावयाची? मूल्यनिर्धारणाला कायद्याने सहा महिन्यांची मुदत आहे. हनुमान कोळीवाड्याचा प्रश्न सहा महिन्यांत सुटला असता, तर कोणाचे काय बिघडले असते?

संमतीची कल्पना पाश्चात्त्य मानवाधिकारवाद्यांकडून उसनी आणलेली आहे, असे मानणाऱ्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र उघडून पाहावे. स्वराज्याचे आरमार उभारण्यास आंबा-फणसाची थोर लाकडे हवी होती. गरज राष्ट्राच्या संरक्षणाची, शत्रू सिद्दी, फिरंगी आणि इंग्रज; तातडी याहून कोणती मोठी असणार? तरीही नीती अशी, की ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली, ती परस्पर तोडू नयेत. झाड जीर्ण झालेले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, मग तोडावे, बलात्कार सर्वथा करू नये. ही नीती याच कोकणकिनाऱ्यासाठी होती. संमती आणि मोबदला यांची जोडी फोडता येत नाही, हे छत्रपतींच्या राज्यकर्त्यांना एका झाडाच्या बाबतीत कळत होते. आपण छत्रपतींचे नाव घेऊन राज्य करतो. मग 323 चौरस किलोमीटरच्या बाबतीत धन्याला राजी करण्यास अडचण कोणती?

राज्य शासनाला यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. 2018 च्या दुरुस्तीने सूट दिली आहे, ती घेतलीच पाहिजे अशी सक्ती केलेली नाही. कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरापुरता सूट न घेण्याचा निर्णय मंत्रिमंडळ एका बैठकीत करू शकते. 124 गावांत ग्रामसभा घेऊन सामाजिक परिणामांचे मूल्यनिर्धारण करावे; अहवाल मराठीत, चावडीवर वाचून दाखवावा. खाडीत जाळे टाकणारा कोळी, मिठागरातला मजूर, डोंगरातला कातकरी यांची नावे आधी लिहावीत, जमिनीची मोजणी नंतर करावी. गावठाणाबाहेर वाढलेल्या घरांचा निकाल आराखड्यापूर्वी लावावा. आणि विकसित भूखंडाचा वाटा देण्याची तारीख कराराच्या कागदावरच लिहावी. पंचवीस वर्षे वाट पाहण्याची उरणची क्षमता संपली आहे.

येत्या 16 जानेवारीला जासईच्या स्मारकावर नेहमीप्रमाणे लोकप्रतिनिधी येतील, पुष्पचक्रे वाहतील. त्या दिवशी त्यांच्यापैकी एकाने तरी शासनाचा असा निर्णय हाती घेऊन यावे, एवढीच उरणची अपेक्षा आहे.